आधी ड्रॉइंग, मग फी

आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग संपवून बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची मुलंमुली दरवर्षी बेंगळुरूला येतात. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी उतरायचं, गाववाल्याच्या खोलीवर बॅग टाकायची आणि पीण्या, बोम्मसंद्र, जिगणी इथल्या कारखान्यांत अर्ज देत फिरायचं. जाईल तिथे एकच प्रश्न येतो: कॅड येतं का, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करता येतं का? मग कुठेतरी क्लासचा फलक दिसतो, त्यावर नोकरीची हमी लिहिलेली असते. घरी फोन जातो. वडील पतसंस्थेत कर्जाचा अर्ज देतात, नाहीतर आईच्या बांगड्या गहाण पडतात.

या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, की ती फी लगेच भरू नका. चार महिने थांबा. ज्या सॉफ्टवेअरसाठी तुम्ही कर्ज काढायला निघाला आहात, ते शिकण्याइतपत आज फुकट मिळतं, कायदेशीर मार्गाने मिळतं आणि घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर चालतं. मी टूल डिझाइनच्या कामात आहे. नवीन मुलांची ड्रॉइंग तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मुलं अडतात ती कमांड येत नाही म्हणून क्वचितच. अडतात ती ड्रॉइंग येत नाही म्हणून, आणि ते बहुतेक क्लासमध्ये शिकवलंच जात नाही.

पीण्यातल्या एखाद्या छोट्या टूलरूममध्ये मुलाखत कशी होते ते सांगतो. मालक कपाटातून एक जुना जॉब काढून टेबलावर ठेवतो, शेजारी व्हर्नियर ठेवतो आणि म्हणतो, याचं ड्रॉइंग कर. क्लासचं सर्टिफिकेट आणलेला मुलगा झटपट थ्रीडी मॉडेल उभं करतो. ते दिसतंही छान. पण समोरचा व्ह्यू कुठला घ्यायचा, सेक्शन कुठून कापायचा, कुठलं माप कुठल्या फेसवरून द्यायचं, हे त्याने कधी ठरवलेलंच नसतं. एक माप दोनदा येतं, एक येतच नाही. सगळ्या मापांना सरसकट ०.०१ मिलिमीटरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लावलेला असतो. असं ड्रॉइंग शॉपमध्ये गेलं, तर नुसत्या टर्निंगवर भागणारा जॉब ग्राइंडिंगला जातो आणि त्याची किंमत कितीतरी वाढते. मालकाला हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. मुलगा मात्र खोलीवर जाऊन मित्रांना सांगतो, की अजून एक सॉफ्टवेअर शिकायला पाहिजे.

म्हणून पहिला महिना कॉम्प्युटर बंद ठेवा. एन. डी. भट यांचं इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं पुस्तक घ्या. आणंदच्या चरोतर पब्लिशिंग हाउसचं हे पुस्तक १९५८ पासून निघतं आहे आणि त्यावर देशातल्या किती पिढ्या शिकल्या याला मोजदाद नाही. कोरं घ्यायची गरज नाही. बेंगळुरूच्या अव्हेन्यू रोडवर फुटपाथवर जुन्या पाठ्यपुस्तकांचे ढीग असतात, पुण्यात अप्पा बळवंत चौकात. जुनी आवृत्ती चालेल; प्रोजेक्शनचे नियम बदललेले नाहीत. त्याच्या जोडीला भारतीय मानक ब्युरोचं एसपी ४६ हे पुस्तक वाचा. शाळा-कॉलेजांसाठी काढलेलं, २००३ साली सुधारलेलं, आणि इंटरनेटवर मोफत वाचता येतं. रेघ किती जाड, माप कुठे लिहायचं, आटे कसे दाखवायचे, कुठल्या भागाला सेक्शनमध्ये हॅच करायचं नाही, हे सगळं त्यात आहे.

आपल्याकडे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात, म्हणजे वरून दिसणारा व्ह्यू समोरच्या व्ह्यूच्या खाली येतो. अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं, तिथे तो वर येतो. बेंगळुरूतल्या कितीतरी कंपन्या परदेशी ग्राहकांचं काम करतात, त्यामुळे एकाच टेबलावर दोन्ही प्रकारची ड्रॉइंग पडलेली असतात. टायटल ब्लॉकमधलं छाटलेल्या शंकूचं ते छोटं चिन्ह पाहिल्याशिवाय ड्रॉइंग वाचायला सुरुवात करू नका. त्याकडे दुर्लक्ष झालं, की भोक उलट्या बाजूला पडतं आणि अख्खी बॅच भंगारात जाते.

मग टॉलरन्स आणि फिट. इथे थोडा वेळ द्या, कारण डिझायनर आणि नुसता ऑपरेटर यांच्यातलं अंतर इथेच पडतं. २५ मिलिमीटरचा शाफ्ट एका भोकात सहज फिरायला हवा आहे, समजा. भोकाला एच७ ही टॉलरन्सची खूण दिली, तर ते २५.००० ते २५.०२१ च्या दरम्यान बनेल. शाफ्टला जी६ दिलं, तर तो २४.९८० ते २४.९९३ च्या दरम्यान. सगळ्यात घट्ट जोडी जुळली तर मधली जागा ०.००७ मिलिमीटर, सगळ्यात सैल जुळली तर ०.०४१. हे गणित कागदावर स्वतः करून पाहा. मग विचारा, हा शाफ्ट एखाद्या गेटच्या बिजागरीत बसणार असेल तर एवढी बारीक मापं कशाला? तिथे अर्धा मिलिमीटर सैल असलं तरी काही बिघडत नाही. कुठे बारीक व्हायचं आणि कुठे सैल सोडायचं हे ज्याला कळतं, त्याला कंपनी पगार देते. कुठलंही सॉफ्टवेअर हा निर्णय तुमच्यासाठी घेत नाही.

ड्रॉइंगचं हे महत्त्व आपल्या मराठी माणसाला नवीन वाटायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायला म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, पण काही रंग त्यांना ओळखता येत नव्हते. चित्रकला सुटली. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवलं. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी. या सगळ्याच्या मुळाशी कागदावर यंत्र नेमकं उतरवता येणं होतं. त्यांच्या मुलाने, रवी किर्लोस्करांनी, १९४६ साली याच बेंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी केली. इथे नोकरी शोधायला आलेल्या बेळगावच्या मुलाने ही गोष्ट माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

आता सॉफ्टवेअर. टूडीसाठी लिब्रेकॅड घ्या. ते मोफत आहे, हलकं आहे, दहा वर्षांपूर्वीच्या मशीनवरही चालतं. ऑटोकॅड १९८२ साली आलं तेव्हापासून रेघ, वर्तुळ, ट्रिम, ऑफसेट, लेअर या गोष्टी मुळात त्याच राहिल्या आहेत; एका ठिकाणी हात बसला की दुसरीकडे आठवड्यात बसतो. यात फार दिवस रेंगाळू नका. महिनाभर पुरे.

थ्रीडीसाठी माझी शिफारस फ्रीकॅडची आहे. २००२ साली त्याची पहिली आवृत्ती आली आणि बावीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, १.० ही आवृत्ती निघाली. मधल्या काळात त्याच्यावर एक मोठा आक्षेप होता आणि तो खरा होता: मॉडेल बरंच पुढे गेल्यावर मागचं एखादं स्केच बदललं, की पुढचे फेस आणि कडा यांची नावं आतल्या आत बदलायची आणि सगळं मॉडेल कोसळायचं. १.० मध्ये हा दोष पुष्कळ कमी झाला आहे, असेंब्लीची सोयही आत आली आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणी तुम्हाला फ्रीकॅड कामाचं नाही असं सांगितलं असेल, तर नवी आवृत्ती एकदा उघडून पाहा.

सुरुवातीला एकच गोष्ट शिकायची आहे. स्केच काढा, त्याला कन्स्ट्रेंट लावा, आणि मोकळीक शून्यावर आणा. म्हणजे स्केचमधला एकही बिंदू माऊसने ओढून हलता कामा नये. पूर्ण बांधलं गेलं की स्केचचा रंग बदलतो. मग त्याला जाडी द्या, त्यात खाच करा, त्याला अक्षाभोवती फिरवा. फ्रीकॅडमध्ये याला पॅड, पॉकेट आणि रिव्हॉल्व्ह म्हणतात. सॉलिडवर्क्स, क्रिओ, एनएक्स यांत नावं वेगळी, बटणं वेगळ्या जागी, विचार तोच. ज्याने दोन-तीन महिने नीट बांधलेली स्केचं काढली आहेत, त्याला कंपनीतलं सॉफ्टवेअर अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही. ज्याने ढिली स्केचं काढून क्लासमध्ये पन्नास मॉडेलं केली, त्याला ती सवय मोडायलाच वर्ष जातं.

कॉम्प्युटरचं म्हणाल, तर आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं जुनं मशीन पुरतं. बेंगळुरूत सदर पत्रप्पा रोडवर, ज्याला सगळे एसपी रोड म्हणतात, अशी जुनी मशीनं मिळतात. माहितगार माणूस बरोबर घेऊन जा आणि तिथेच चालवून पाहा. चाक असलेला साधा माऊस मात्र घ्याच. टचपॅडवर कॅड शिकणं म्हणजे हातमोजे घालून शिवण शिकणं. ज्यांच्याकडे मशीन अगदीच कमकुवत आहे, त्यांना ऑनशेप ब्राउझरमध्ये चालवता येतं. ते ज्यांनी काढलं, त्या जॉन हिर्शटिक यांनीच आधी सॉलिडवर्क्स काढलं होतं. पण त्याच्या मोफत खात्यात ठेवलेलं मॉडेल सगळ्या जगाला दिसतं, ही अट नीट लक्षात ठेवा. सरावाचं मॉडेल तिथे ठेवायला हरकत नाही. कंपनीच्या ग्राहकाचा पार्ट ठेवलात तर नोकरी जाईल.

ऑटोडेस्कच्या फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरची वैयक्तिक आवृत्ती मोफत आहे, तिच्यात एका वेळी दहाच फायली बदलण्याजोग्या ठेवता येतात आणि तिच्यावर व्यवसाय करायची परवानगी नाही. सीमेन्सच्या सॉलिड एजचीही वैयक्तिक वापरासाठी मोफत आवृत्ती आहे. आणि जे अजून आयटीआयत, पॉलिटेक्निकात किंवा कॉलेजात आहेत त्यांना तर माझं आग्रहाचं सांगणं आहे: ऑटोडेस्क मान्यताप्राप्त संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअरं वर्षभरासाठी फुकट देते आणि शिकत असेपर्यंत ती मुदत वाढवता येते. ओळखपत्र हातात आहे तोवर हे करून घ्या. कित्येक मुलं शेवटचा पेपर देऊन बाहेर पडल्यावर विचारायला येतात, तेव्हा दार बंद झालेलं असतं. अटी बदलत असतात, म्हणून उतरवून घेताना स्वतः वाचा.

क्रॅक केलेली आवृत्ती घेऊ नका. मित्राने पेनड्राइव्हवर आणून दिली तरी नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमाप्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, दंड तरीही होऊ शकतो. अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात ते वेगळंच. छोट्या वर्कशॉपच्या मराठी मालकांनाही हे सांगायचं आहे. परवाना परवडत नसेल तर फ्रीकॅडवर धंदा करा. त्यावर व्यावसायिक काम करायला कसलीही बंदी नाही आणि नोटीस येण्याची भीती नाही.

शिकायचं कसं? व्हिडिओ पाहून येत नाही, हे आधी मान्य करा. दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला तर तासभर हात चालला पाहिजे. व्हिडिओत ज्या पार्टवर शिकवलं तो एकदा करा आणि मग तीच युक्ती घरातल्या एखाद्या वस्तूवर लावा. मोफत पाठ भरपूर आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ अनेक भारतीय भाषांत आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत. सर्किट बोर्डाच्या डिझाइनकडे जाणाऱ्यांना तिथे कायकॅड शिकता येईल. २००३ साली सात आयआयटी आणि आपल्या इथल्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून सुरू केलेल्या एनपीटेलवर इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. पाहायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी आहे. इंग्रजी ऐकायला जड जात असेल तर सबटायटल लावा, वेग कमी करा, पण सोडू नका. कामाच्या जागी ड्रॉइंगवरच्या नोट्स इंग्रजीतच असतात.

पहिली मोठी असेंब्ली म्हणून मी सगळ्यांना घरातला सोऱ्या करायला सांगतो. पितळेचा, आट्यांच्या दांड्याचा, चकली-शेवेचा. सुट्टीला घरी गेलात की आईकडून मागून घ्या. नळकांडं, दट्ट्या, आट्यांचा दांडा, मूठ, वरचं झाकण, खालची चकती अडकवायची कड आणि चार-पाच चकत्या. वस्तू लहान, पण मशीन डिझाइनचे निम्मे प्रश्न तिच्यात आहेत.

नळकांड्याचा आतला व्यास वरच्या आणि खालच्या तोंडाशी मोजा, प्रत्येक जागी तीन दिशांनी. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणारा साधा व्हर्नियर पुरतो. सहाही आकडे वेगळे येतील, कारण वस्तू वापरून चेपलेली आहे आणि मुळातही अगदी गोल नव्हती. मग ड्रॉइंगवर कुठला आकडा लिहायचा? सरासरी लिहून मोकळं व्हायचं नाही. बनवणाऱ्याच्या मनात कुठलं पूर्ण माप असेल ते ओळखायचं. यालाच आमच्या धंद्यात रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात.

मग दट्ट्या आणि नळकांडं यांच्यातली फट. फार कमी ठेवली तर नळकांडं जरा चेपलं की दट्ट्या अडकेल. जास्त ठेवली तर पीठ बाजूने वर येईल. किती वर आलेलं चालतं हे तुम्ही ठरवू नका, आईला विचारा. चकलीची भाजणी घट्ट असते, शेवेचं पीठ सैल, दोन्हीला एकच दट्ट्या लागतो. वापरणाऱ्याला विचारून माप ठरवायची ही सवय पुढे फिक्स्चर करताना ऑपरेटरपाशी जाऊन उभं राहायला लावते, आणि त्यानेच डिझाइन सुधारतं.

दांड्याचे आटे मोजताना एक आटा मोजू नका. दहा आट्यांची लांबी घ्या आणि दहाने भागा. तो झाला पिच. मग मूठ पूर्ण एक फेरा फिरवा आणि दट्ट्या किती खाली गेला ते पाहा. तेवढाच गेला तर आटे एकेरी आहेत, दुप्पट गेला तर दुहेरी. चकत्यांचं काम सोपं पण गोड आहे: शेवेच्या चकतीचं एकच भोक काढा आणि अक्षाभोवती पॅटर्न करा, भोकांची संख्या बदलली की चकती बदलेल. सगळं जोडून झालं की खरी परीक्षा घ्या. नळकांड्याचा व्यास पाच मिलिमीटरने वाढवा. दट्ट्या, झाकण आणि चकत्या आपोआप वाढल्या, तर मॉडेल नीट बांधलं आहे. लाल खुणांची रांग लागली तर पहिल्या स्केचपासून पुन्हा बांधा. हे दोनदा-तीनदा करावं लागतं आणि त्यातच खरं शिक्षण आहे.

शेवटी प्रत्येक भागाचं वेगळं ड्रॉइंग, असेंब्लीचं सेक्शन काढलेलं ड्रॉइंग, भागांची यादी. ए-थ्री कागदावर छापून घ्या. पडद्यावर न दिसणारी चूक कागदावर दिसते.

रविवारी खोलीवर मोबाईल बघत पडण्यापेक्षा कस्तुरबा रोडवरच्या विश्वेश्वरय्या म्युझियममध्ये जा. १९६२ पासून ते तिथे आहे. इंजिनांच्या दालनात वही-पेन्सिल घेऊन उभे राहा आणि एक यंत्रणा हाताने काढा: पिस्टनचा सरळ धक्का गोल फिरण्यात कसा बदलतो तेवढीच. तुमकूर रोडवरच्या प्रदर्शन केंद्रात इमटेक्स हे मशीन टूल्सचं मोठं प्रदर्शन भरतं; त्यासाठी मेट्रो आता मादावरपर्यंत जाते. तिथे मशीन चालताना पाहिलेला मुलगा ड्रॉइंगमध्ये टूल न पोचणारी खाच काढत नाही.

क्लासच नको असं माझं म्हणणं नाही. गाड्यांच्या बॉडीचं सरफेस मॉडेलिंग करायचं असेल, विमानाच्या भागांचं काम करायचं असेल, तर कॅटियासारखं सॉफ्टवेअर लागतं आणि ते घरी फुकटात पूर्ण शिकता येत नाही. अशा वेळी पैसे घालायला हरकत नाही, पण आधी सरकारी टूलरूमची चौकशी करा. राजाजीनगरचं गव्हर्नमेंट टूलरूम अँड ट्रेनिंग सेंटर १९७२ साली डेन्मार्कच्या मदतीने निघालं. त्याचं केंद्र बेळगावातही आहे, म्हणजे काहींना घर सोडायचीही गरज नाही. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूलरूम आहे. तुमकूर रोडवर केंद्र सरकारची सीएमटीआय ही संस्था आहे. अशा ठिकाणी शेजारच्या शेडमध्ये मशीनं चालू असतात, आणि हा फायदा फलकवाल्या क्लासला कधीच देता येणार नाही. खासगी क्लासला जायचंच ठरलं तर एक तास बसून पाहू द्या म्हणावं, शिकवणाऱ्याने कधी कारखान्यात काम केलं आहे का ते विचारावं, सॉफ्टवेअरचा परवाना दाखवायला सांगावं आणि नोकरीची हमी कागदावर लिहून मागावी. जो यातल्या कशालाही टाळाटाळ करील त्याला पैसे देऊ नयेत.

एका वर्गाला मला वेगळं सांगायचं आहे. चाळिशी ओलांडलेले टर्नर, मिलर, फिटर. तुमच्यातले पुष्कळ जण वीस-वीस वर्षं ड्रॉइंग वाचत आला आहात. धातू कसा वागतो, कटर कुठे थरथरतो, पातळ पत्रा क्लॅम्प केल्यावर कसा वाकतो, हे तुमच्या हातात आहे. नव्या पदवीधराला ते मिळवायला बरीच वर्षं लागतात. तुम्ही मात्र कॉम्प्युटर हे पोरांचं काम म्हणून बाजूला सारता. असं करू नका. फ्रीकॅड शिकायला तुम्हाला जास्त वेळ लागेल तो फक्त माऊसचा. तुम्ही काढलेलं फिक्स्चर पहिल्या खेपेला बसेल. पाठ आणि डोळे थकल्यावर मशीनसमोर उभं राहण्याऐवजी टेबलावर बसून तुमच्या अनुभवाचे पैसे मिळावेत, असं मला फार वाटतं.

आणि मुलींच्या आईवडिलांना: डिझाइन म्हणजे एसीत बसायचं काम म्हणून मुलीला पाठवू नका. ती शॉपमध्ये जाऊ दे, हात काळे होऊ देत. शॉपपासून तिला लांब ठेवलंत तर ती कायम दुसऱ्याने केलेल्या मॉडेलांत दुरुस्त्या करत राहील.

मुलाखतीला जाताना पाच सुटे भाग आणि एक असेंब्ली, एवढंच न्या. छापलेली ड्रॉइंग आणि पेनड्राइव्हवर स्टेप फायली. स्टेप हा जवळपास सगळ्या थ्रीडी सॉफ्टवेअरना वाचता येणारा, आंतरराष्ट्रीय मानकाचा फाइलप्रकार आहे, त्यामुळे तुम्ही फ्रीकॅडमध्ये केलेलं मॉडेल कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं. इंटरनेटवरून उतरवलेलं चकाचक इंजिन दाखवू नका. स्वतः मोजलेला सोऱ्या दाखवा आणि प्रत्येक टॉलरन्स का दिला ते सांगता येईल अशी तयारी ठेवा. सॉलिडवर्क्स येतं का विचारलं, तर सरळ सांगा, की फ्रीकॅडवर शिकलो आहे, दोन आठवडे द्या. काही ठिकाणी नकार मिळेल. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं असा माणूस शोधणारे मालक मात्र या शहरात कमी नाहीत.

एक गोष्ट फुकट मिळत नाही, आणि ती म्हणजे चूक दाखवणारा माणूस. व्हिडिओ तुमचं ड्रॉइंग तपासत नाही. म्हणून शेवटची विनंती बेंगळुरूतल्या मराठी डिझायनरांना, टूलरूमवाल्यांना, निवृत्त झालेल्या एचएमटी, एचएएल, बीईएलच्या लोकांना आहे. महिन्यातला एक रविवार, दोन तास द्या. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात बसता येतं का ते विचारू, नाही जमलं तर कुणाच्या तरी गच्चीवर बसू. मुलांनी छापलेली ड्रॉइंग आणायची, तुम्ही लाल पेनाने खुणा करायच्या, आणि पुढच्या महिन्यात सुधारलेलं ड्रॉइंग बघितल्याशिवाय नवीन घ्यायचं नाही. एका माणसाला चार-पाच मुलं नीट सांभाळता येतात, त्यामुळे जितके जण याल तितके हवे आहेत.